गर्भ कायद्याने ‘व्यक्ती’ ठरला, तर गर्भपाताच्या कायद्याचे काय होईल?

विदर्भातील एका तालुका न्यायालयात नव्याने वकिली सुरू केलेल्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे आलेल्या एका पक्षकाराला पत्नीच्या गर्भपाताविरुद्ध मनाई हुकूम हवा आहे. दावा स्वतःच्या नावाने न लावता पोटातील बाळाच्या नावाने लावावा आणि बाप म्हणून आपल्याला त्याचा पालक दाखवावे, अशी त्याची सूचना आहे. अमेरिकेतील काही राज्यांनी गर्भाला ‘व्यक्ती’ मानल्याचे त्याने मोबाइलवर वाचले आहे, आणि आपल्याकडे गर्भातल्या मुलालाही वारसाहक्क मिळतो, मग तो व्यक्ती नाही कसा, असा त्याचा युक्तिवाद आहे. असा दावा आज टिकेल का, आणि उद्या आपल्याकडे तसा कायदा झालाच तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचे काय होईल, असे सहकाऱ्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे पुढे देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विस्ताराने द्यावे लागेल, कारण त्याबाबत वकिलांमध्येही बराच गोंधळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर अशा याचिका चालवताना माझे मत पक्के होत गेले ते असे: गर्भाला संरक्षण देणे आणि गर्भाला स्वतंत्र व्यक्ती ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या कायद्यात १८६० पासून आहे. दुसरी आली, तर गर्भपाताच्या कायद्यातील एकही कलम रद्द न करता तो कायदा निकामी करता येईल, आणि त्याचा पहिला फटका गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीला नव्हे, तर जिचा गर्भ आपोआप पडला त्या स्त्रीला बसेल.

आधी आपला कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू. १९७१ च्या कायद्याने स्त्रीला गर्भपाताचा हक्क दिला, असे सर्रास म्हटले जाते. परंतु त्या कायद्याची भाषा हक्काची नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये तो जवळजवळ त्याच शब्दांत कायम आहे. स्वतःचा गर्भपात घडवून आणणारी स्त्रीही या कलमाखाली आरोपी होऊ शकते. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती, एवढाच अपवाद त्या कलमात आहे. शांतिलाल शाह समितीच्या अहवालानंतर १९७१ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या कलम ३ ने इतकेच म्हटले की, ठरावीक अटींमध्ये गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर कोणत्याही गुन्ह्यास पात्र ठरणार नाही. म्हणजे मूळ नियम फौजदारी आहे, त्याला दिलेला अपवाद डॉक्टरच्या संरक्षणाचा आहे, आणि स्त्रीची निवड त्या अपवादाच्या आडून अमलात येते. २०२१ च्या दुरुस्तीने मुदती वाढल्या: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले, नियमांत नमूद केलेल्या प्रवर्गांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने सांगितले तर मुदतीची अटच राहिली नाही. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. पण चौकट तीच राहिली. पुढचे सगळे उत्तर या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ती आधी मांडली.

आता वारसाहक्काचा मुद्दा. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ चे कलम २० सांगते की, मालक वारला तेव्हा जे मूल गर्भात होते आणि जे पुढे जिवंत जन्मले, त्याला आधीच जन्मलेल्या मुलाइतकाच हक्क मिळतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १३ मध्ये न जन्मलेल्या व्यक्तीच्या लाभासाठी करावयाच्या हस्तांतरणाची तरतूद आहे. दावे किती काळात लावावेत हे ठरवणाऱ्या मुदत कायद्यात ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन, या संज्ञेत गर्भस्थ मूल धरले आहे. पक्षकाराने ऐकलेले हेच असावे. मात्र ‘पुढे जिवंत जन्मले’ हे शब्द कलम २० मधून काढता येत नाहीत. मूल मृत जन्मले तर वाटणी अशी होते की जणू ते कधी नव्हतेच. त्याचा हिस्सा त्याच्यामार्फत कोणाकडे जात नाही. या तरतुदी जन्मणाऱ्या मुलाचे नुकसान होऊ नये म्हणून केलेल्या आहेत आणि चुलत्यांपासून, भाऊबंदांपासून त्याचे रक्षण करतात. ज्या स्त्रीच्या शरीरात गर्भ आहे तिच्याविरुद्ध वापरता येईल असा कोणताही हक्क त्या निर्माण करत नाहीत. मोटार अपघाताच्या दाव्यांत गर्भाच्या मृत्यूबद्दल काही उच्च न्यायालयांनी भरपाई दिली आहे, तीही आईवडिलांना झालेल्या हानीची म्हणून.

फौजदारी कायद्यात तर ही रेषा स्पष्ट शब्दांत आखलेली आहे. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येखालील स्पष्टीकरणात, जे आता न्याय संहितेच्या कलम १०० खाली आहे, असे म्हटले आहे की आईच्या गर्भातील मुलाला ठार करणे हा मनुष्यवध नव्हे. मात्र मुलाच्या शरीराचा कोणताही भाग बाहेर आला असेल, तर त्याने श्वास घेतला नसला तरीही तो मनुष्यवध ठरू शकतो. म्हणून गरोदर स्त्रीवर हल्ला करून गर्भाचा जीव घेणारा सुटतो असे नाही: त्याच्यासाठी कलम ९२ आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. स्त्रीच्या संमतीविना गर्भपात घडवणाऱ्यासाठी कलम ८९ आहे, आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. गर्भाला व्यक्ती न म्हणताही त्याला जपण्याची ही व्यवस्था आहे, आणि ती स्त्रीला शत्रू न मानता जपते.

मंदिरातील देवतेला कायद्याने व्यक्ती मानता येते तर गर्भाला का नाही, असेही विचारले जाते. देवतेला मालमत्ता धारण करता यावी आणि न्यायालयात उभे राहता यावे, इतक्या मर्यादित कामासाठी ती मान्यता आहे. देवतेच्या हक्कासाठी दुसऱ्या कोणाच्या देहाचा ताबा घ्यावा लागत नाही.

यावरून त्या पक्षकाराच्या दाव्याचे उत्तर मिळते. १९७१ च्या कायद्याचे कलम ३(४) फक्त गरोदर स्त्रीची संमती मागते. ती अठरा वर्षांखालील किंवा मानसिक आजाराने ग्रस्त असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. संमतीच्या ‘फॉर्म सी’मध्ये नवऱ्याच्या सहीसाठी जागाच नाही. काही रुग्णालये अजूनही ती सही मागतात, ती कायद्यासाठी नव्हे, स्वतःच्या धास्तीपोटी. संमतीविना गर्भपात झाला म्हणून पत्नी आणि डॉक्टर यांच्याकडून नुकसानभरपाई मागणाऱ्या एका पतीला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मात्र पक्षकाराला अर्धवट माहिती देऊ नये. समर घोष प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मानसिक क्रूरतेची जी उदाहरणे दिली, त्यांत वैद्यकीय कारणाशिवाय आणि पतीच्या संमतीशिवाय किंवा त्याला न कळवता केलेल्या गर्भपाताचा उल्लेख आहे. म्हणजे वैवाहिक वादात हा मुद्दा नंतर उपस्थित होऊ शकतो. गर्भपात थांबवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या कलम ५अ मुळे, गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीशिवाय कोणालाही उघड करणे डॉक्टरसाठी शिक्षापात्र आहे. त्यामुळे पुरावा गोळा करण्यासाठी दवाखान्यात कागद मागायला जाऊ नका, असे पक्षकाराला पहिल्याच भेटीत बजावलेले बरे.

या दाव्याची रचना मात्र विचार करण्यासारखी आहे, कारण गर्भ व्यक्ती ठरला तर ती रचना हास्यास्पद राहणार नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार विवाहसंबंधातून झालेल्या अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम वडील आहेत आणि त्यानंतर आई. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्यानंतर’ या शब्दाचा अर्थ सैल केला, तरी कलम कायम आहे. गर्भ हा अठरा वर्षांखालील व्यक्ती ठरला की वडील त्याचे नैसर्गिक पालक ठरतात आणि आई प्रतिवादी. दिवाणी न्यायालयात मूल विरुद्ध आई असा दावा, बापाच्या सहीने. एका व्याख्येने इतके बदलते.

आजवरच्या निकालांनी ही वाट बंद ठेवली आहे, पण पूर्ण बंद नाही. सुचिता श्रीवास्तव प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रजननाविषयीची निवड राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग मानली; त्याच निकालात होऊ घातलेल्या मुलाच्या जीवाचे रक्षण करण्यात राज्याला स्वारस्य असल्याचेही म्हटले. तुरुंगातील गरोदर स्त्रियांच्या प्रश्नावर स्वतःहून घेतलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अधिक स्पष्ट भूमिका घेतली: मानवी हक्क जन्मापासून मिळतात आणि गर्भाला जिवंत स्त्रीच्या हक्कापेक्षा वरचे स्थान देता येणार नाही. महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाने हा निकाल जवळ ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रियांना २४ आठवड्यांची मुदत खुली केली आणि या कायद्यापुरता पतीने केलेला बलात्कारही बलात्कार मानला.

त्यानंतर ऑक्टोबर २०२३ आला. दोन मुलांची आई, सव्वीस आठवड्यांचा गर्भ, प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार सुरू. आधी सर्वोच्च न्यायालयाची गर्भपाताला परवानगी मिळाली. मग दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉक्टरांनी गर्भ जिवंत जन्मू शकतो, तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके थांबवायचे का, असे विचारले, आणि ११ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींची मते विभागली. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी लिहिले की गर्भाचे अस्तित्वच आईमुळे असल्याने त्याला तिच्यापासून वेगळे व्यक्तिमत्त्व मानता येत नाही. १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परवानगी नाकारली. लेखी कारण मुदतीचे होते: २४ आठवडे उलटले आहेत, स्त्रीच्या जीवाला तातडीचा धोका नाही, गर्भात व्यंग नाही. त्यामुळे हा निकाल गर्भाला व्यक्ती ठरवतो असे कोणी सांगितले तर ते चूक आहे. पण सुनावणीत गर्भाच्या हक्कांची भाषा ज्या सहजतेने आली, ती मला काळजीची वाटली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, महाराष्ट्रातील चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सुमारे तीस आठवड्यांच्या गर्भपाताची परवानगी दिली, आणि पालकांचे मत बदलल्यावर ती मागे घेताना गरोदर मुलीची संमती सर्वोपरी असल्याचे बजावले. दोन्ही प्रकरणांत न्यायालय अखेर स्त्रीच्या परिस्थितीकडे पाहून निर्णयाला आले. गर्भातर्फे वेगळा वकील उभा नव्हता.

तो उभा राहिला तर काय होईल, ते आमच्या रोजच्या कामावरून सांगते. समजा गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाच्या एका गावातली अल्पवयीन मुलगी आहे. पोट दिसू लागल्यावर घरच्यांना कळते, मग पोलीस ठाणे, मग ग्रामीण रुग्णालय, सोनोग्राफी, आणि तिथे कळते की सव्वीस आठवडे झाले आहेत. ती आईबरोबर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे पोचते. याचिकेवर तिचे नाव नसते, ‘एबीसी’ किंवा ‘एक्सवायझेड’ असते. सकाळी खंडपीठासमोर प्रकरण तातडीने घ्यावे म्हणून विनंती करावी लागते. त्याच दिवशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाला तपासणीचा आदेश होतो. अहवाल सीलबंद लिफाफ्यात येतो. त्या अहवालात गर्भाचे वय, मुलीचे हिमोग्लोबिन, रक्तदाब, मानसोपचारतज्ज्ञांचे मत आणि शेवटी एक वाक्य असते: गर्भपातातला धोका आणि बाळंतपणातला धोका यांची तुलना. खंडपीठाचे सगळे लक्ष त्या वाक्यावर असते. परवानगी मिळाली तर आदेशात डीएनएसाठी ऊती जपून ठेवण्याचे निर्देश येतात, आणि मूल जिवंत जन्मले तर त्याला संपूर्ण वैद्यकीय सेवा द्यावी व पालक सांभाळणार नसतील तर राज्याने जबाबदारी घ्यावी, असेही लिहिलेले असते. हे शेवटचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात घालून दिले आहेत. जन्माआधी स्त्री आणि जन्मानंतर मूल, अशी रेषा तिथे पुन्हा दिसते, आणि जन्मलेल्या मुलाबाबत ती जराही निष्ठुर नाही.

या प्रक्रियेत आजच पाच-सहा दिवस जातात आणि प्रत्येक दिवसाने धोका वाढतो. गर्भ अनुच्छेद २१ खालील व्यक्ती ठरला की त्याला नोटीस काढावी लागेल, त्याच्यातर्फे पालक किंवा वकील नेमावा लागेल, आणि मुलीच्या हिमोग्लोबिनची तुलना दुसऱ्या व्यक्तीच्या मृत्यूशी होईल. अशा तुलनेत ‘मानसिक आरोग्यास गंभीर इजा’ हे कलम ३ मधले कारण टिकणार नाही, बलात्काराचे कारण टिकणार नाही, गर्भनिरोधक निकामी ठरल्याचे कारण तर पहिल्याच दिवशी पडेल. कोणतीही न्यायप्रणाली एका निरपराध व्यक्तीचा जीव दुसरीच्या मानसिक त्रासासाठी घेऊ देत नाही. उरेल फक्त कलम ५, म्हणजे स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावयाचा गर्भपात. १९७१ चा कायदा पुस्तकात जसाच्या तसा असेल आणि प्रत्यक्षात आपण १८६० च्या अपवादावर परत आलेलो असू.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला हे १९७३ मध्येच दिसले होते. रो विरुद्ध वेड निकालात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी मान्य केले की, गर्भ चौदाव्या घटनादुरुस्तीतील ‘व्यक्ती’ असल्याचे सिद्ध झाले तर गर्भपाताच्या हक्काचा दावाच कोसळेल. मग त्यांनी तो तसा नसल्याचा निष्कर्ष काढला. २४ जून २०२२ च्या डॉब्स निकालाने रो उलटवला, पण गर्भाच्या व्यक्तित्वावर मत दिले नाही. तो प्रश्न राज्यांवर पडला. जॉर्जियाच्या २०१९ च्या कायद्याने ‘नैसर्गिक व्यक्ती’च्या व्याख्येत गर्भ आणला आणि आयकरात त्याला अवलंबित म्हणूनही धरले. त्याच राज्यात २०२५ मध्ये मेंदू मृत घोषित झालेल्या एका गरोदर स्त्रीचे शरीर काही महिने यंत्रांवर ठेवले गेले. राज्याच्या कायद्यामुळे यंत्रे काढता येत नाहीत असे रुग्णालयाने सांगितल्याचे कुटुंबाचे म्हणणे होते, आणि कायद्याची अशी सक्ती नाही असे राज्याचे महाधिवक्ता म्हणत होते. कायद्याचा खरा अर्थ काय हा वाद सुरू असताना रुग्णालय सर्वांत भीतिदायक अर्थ धरून चालते, हे वैद्यकीय प्रकरणे हाताळणाऱ्या कोणालाही नवीन नाही.

अलाबामाची गोष्ट वकिलांनी विशेष वाचावी, कारण तिथे मोठी घोषणा आधी झाली नव्हती. व्याख्येचे धागे एकेक करून ओढले गेले. मुलांना अमली रसायनांपासून वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यातील ‘मूल’ या शब्दात गर्भ येतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आणि गरोदर स्त्रिया आरोपी झाल्या. २०१८ मध्ये न जन्मलेल्या जीवाचे पावित्र्य राज्यघटनेत गेले. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच न्यायालयाने १८७२ पासून चालत आलेल्या, अज्ञान मुलाच्या अपमृत्यूच्या भरपाईच्या कायद्यात गोठवलेले भ्रूणही ‘मूल’ असल्याचा निकाल दिला. आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) केंद्रांनी उपचार थांबवले, आणि ६ मार्चला विधिमंडळाला घाईने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. आपल्याकडे २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवण्याची आणि त्यानंतर नष्ट होऊ देण्याची किंवा संमतीने संशोधनाला देण्याची तरतूद आहे. गर्भधारणेपासून व्यक्तित्व मानले तर हे कलम मनुष्यवधाचा परवाना ठरेल. नागपुरात मूल व्हावे म्हणून आयव्हीएफ केंद्रांच्या पायऱ्या चढणाऱ्या जोडप्यांपर्यंत या व्याख्येचा हात पोचतो, हे तिच्या समर्थकांना बहुधा अभिप्रेत नसते. कोस्टारिकात तर हे प्रत्यक्षात झाले: २००० मध्ये तेथील घटना न्यायालयाने आयव्हीएफच बंद केले, आणि २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाला ते उलटवावे लागले.

आयर्लंडने १९८३ मध्ये घटनेत गर्भाला आईच्या बरोबरीचा जगण्याचा हक्क दिला. बरोबरीचा, जास्त नव्हे. मूळची आपल्या शेजारच्या बेळगावची, दंतवैद्य असलेली सविता हलप्पनवार २०१२ मध्ये सतरा आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत होते; तिने गर्भपाताची मागणी केली; गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून ती नाकारली गेली, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. कायद्यात आईचा जीव वाचवण्याचा अपवाद होता. पण धोका ‘पुरेसा’ केव्हा होतो हे डॉक्टरने कोठडीच्या भीतीखाली ठरवायचे होते, आणि तेवढ्या वेळात तो धोका मृत्यू झाला. सर्व अपवादांसह लिहिलेला, सद्हेतूने केलेला कायदाही कसा मारतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या मतदारांनी ६६.४ टक्के मतांनी ती दुरुस्ती काढून टाकली.

जर्मनीचे उदाहरण उलट बाजूने दिले जाते, आणि ते न्याय्य आहे. तेथील घटना न्यायालयाने १९७५ आणि १९९३ मध्ये गर्भाच्या जीवाला घटनात्मक संरक्षण असल्याचे मानले, तरी समुपदेशनानंतर पहिल्या बारा आठवड्यांतील गर्भपाताला शिक्षा होत नाही. मी याचा अर्थ असा घेते की, जीवाचे मूल्य मान्य करूनही स्त्रीला आरोपी न करण्याचा मार्ग निघू शकतो. पण त्यासाठी गर्भ आणि जन्मलेली व्यक्ती यांना सर्व कायद्यांत एकच ठरवण्याचा आग्रह सोडावा लागतो.

आता सुरुवातीला म्हटलेल्या पहिल्या फटक्याविषयी. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे दहा ते वीस टक्के आपोआप पडतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये ‘मृत्यू’ म्हणजे जिवंत जन्मानंतर जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे. मृतजन्माची व्याख्या आणि नोंद वेगळी आहे. गर्भ व्यक्ती ठरला तर ही व्याख्या टिकत नाही, आणि प्रत्येक गर्भस्राव हा एक मृत्यू होतो, ज्याचे कारण कोणीतरी विचारू शकते. भावकीतील वाद, सासरचा राग, एखादी तक्रार, आणि पोलीस ठाण्यातून प्रश्न येईल: काय खाल्ले, कोणते ओझे उचलले, किती दिवस कामावर गेली. कापसाच्या वेचणीत सातव्या महिन्यापर्यंत वाकून काम करणारी स्त्री या प्रश्नांना काय उत्तर देणार? एल साल्वादोरने १९९८ मध्ये गर्भपातावर संपूर्ण बंदी आणली, १९९९ मध्ये घटनेत गर्भधारणेपासून व्यक्ती मानली, आणि घरी किंवा शौचालयात गर्भ पडलेल्या गरीब स्त्रिया खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात गेल्या, काहींना तीस वर्षांची शिक्षा झाली. ‘मानुएला’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, तुरुंगवासातच कर्करोगाने मेलेल्या अशाच एका स्त्रीच्या प्रकरणात आंतर-अमेरिकी न्यायालयाने २०२१ मध्ये त्या राज्याला जबाबदार धरले.

हे सगळे दूरचे आहे असे महाराष्ट्राने समजू नये. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळीचे प्रकरण उघड झाल्यावर स्त्रीभ्रूणहत्येला खुनाचे कलम लावावे, अशी मागणी राज्यात मंत्रिपातळीवरून झाली होती. तिच्यामागची चीड खरी होती आणि मला ती आजही मान्य आहे. उपाय मात्र घातक होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतर आला. या कायद्याची दिशा चाचणी करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्यांकडे आहे; दबावाखाली चाचणी झालेल्या स्त्रीला त्याने शिक्षेबाहेर ठेवले आहे, आणि पती व नातेवाइकांनीच तिला भाग पाडले असे कलम २४ गृहीत धरते. खुनाचे कलम लागले असते तर मुलीच मुली झाल्या म्हणून ज्या सुनेला सोनोग्राफीला नेले, तीच सहआरोपी झाली असती. मुलींचा जन्म वाचवायचा असेल तर सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी तपासाव्यात, त्यासाठी गर्भाला व्यक्ती करण्याची गरज नाही.

तेव्हा सहकाऱ्यांनी पुढे लक्ष कुठे ठेवावे? फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, आहे, त्यामुळे राज्य विधिमंडळही न्याय संहितेत दुरुस्ती सुचवू शकते आणि राष्ट्रपतींच्या संमतीने ती त्या राज्यात लागू होऊ शकते. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते तेव्हा मांडल्या जाणाऱ्या विधेयकांच्या प्रती मिळवून वाचण्याची सवय लावून घ्या. उद्देश व कारणे शेवटी वाचा. आधी व्याख्येचे कलम काढा आणि ‘मूल’, ‘व्यक्ती’, ‘बळी’ किंवा ‘अज्ञान’ यांपैकी कोणत्या शब्दात गर्भ घातला आहे ते पाहा. विधेयक गरोदर स्त्रीवरील हल्ल्याची शिक्षा वाढवण्याचे असेल, बालसंगोपनाचे असेल, भरपाईचेही असेल. मग ‘जिवंत जन्मल्यास’ ही अट ठेवली आहे की गाळली आहे ते तपासा. शेवटी ‘गर्भपाताच्या कायद्यास बाधा येणार नाही’ असे कलम असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. अमेरिकेच्या २००४ च्या संघीय कायद्यात गर्भाला हल्ल्याचा स्वतंत्र बळी ठरवताना संमतीचा गर्भपात आणि स्वतः स्त्री यांना असेच वगळले होते, तरी गर्भ कायद्यात आधीच व्यक्ती मानला गेला आहे, या युक्तिवादाला तो कायदा पुढे उपयोगी पडत राहिला. आपल्या बचाव कलमात गर्भपाताबरोबरच आपोआप झालेला गर्भस्राव, मृतजन्म, आणि गरोदर स्त्रीची स्वतःची कोणतीही कृती किंवा अकृती वगळलेली आहे का, हे शब्दशः पाहा. नसेल तर हरकत तिथे, लेखी, आणि विधेयक समितीकडे असतानाच घ्या.